वनस्पतींच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण: जिवाणू नेमके कशाने मरतात?

प्रयोगवही

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय ठरवायची वेळ आली की तुळस, कडुनिंब, शेवगा, अडुळसा, घाणेरी यांपैकी कुठल्या तरी पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार करायचे आणि त्यांची जिवाणूंवर चाचणी घ्यायची, हा प्रस्ताव हमखास येतो. विषय चांगला आहे, खर्च आवाक्यातला आहे आणि एका लहानशा प्रकल्पात रसायनशास्त्रापासून जिवाणूंच्या पेशीपर्यंत सगळ्याचा अभ्यास होतो, म्हणून मी त्याला नकार देत नाही. परंतु अहवालांत एक प्रश्न क्वचितच विचारलेला आढळतो आणि तोच या धाग्यात मांडायचा आहे. प्लेटवर जिवाणू मेलेले दिसतात ते कणांमुळे, कणांतून सुटणाऱ्या चांदीच्या आयनांमुळे, क्षपण (आयनाचा धातू होणे) न होता तसेच उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे, की नुसत्या अर्कामुळे?

हा विषय पुण्याला परका नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला आधी बुरशीच्या आणि मग पानांच्या साहाय्याने सोन्याचांदीचे नॅनोकण तयार केले. जिरेनियमच्या पानांवरचा त्यांचा शोधनिबंध २००३ सालचा आहे, कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यावरचा २००४ सालचा, आणि त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळतात हेही त्यांनी दाखवले. आज जगभर या पद्धतीवर जे अमाप लेखन होते, त्याच्या मुळाशी असलेल्या मोजक्या कामांत पुण्यातले हे काम येते. म्हणूनच इथल्या प्रयोगशाळांनी तरी ते काटेकोरपणे पुढे न्यावे, असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी हा प्रयोग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगते. ताजी पाने आधी नळाच्या आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, बारीक चिरून, साधारण १० ग्रॅमला १०० मिलीलिटर या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात काही मिनिटे उकळतात आणि अर्क गाळून घेतात. दुसरीकडे १ मिलीमोलर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण करतात. १०० मिलीलिटरसाठी जेमतेम १७ मिलीग्रॅम पूड लागते. नऊ भाग द्रावणात एक भाग अर्क मिसळला की काही वेळाने फिकट पिवळसर द्रव गडद पिवळा होतो, मग मधासारखा आणि शेवटी तपकिरी. हा रंग अर्काचा नसतो. चांदीच्या कणांतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबीला एकदम डोलू लागतात आणि तो प्रकाश शोषला जातो. लहान गोल कणांसाठी ही तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि कण मोठे झाले किंवा एकमेकांना चिकटले की ती पुढे सरकते. अर्कातली पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, क्षपण करणाऱ्या शर्करा यांसारखी द्रव्ये चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा धातू करतात आणि त्यांतलीच काही कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना गोळा होण्यापासून रोखतात. कडुनिंबाच्या बाबतीत हे संरक्षणाचे काम फ्लॅव्हनोन आणि टर्पेनॉइड करत असावीत, असे मत शास्त्रींच्या गटाने मांडले होते.

इथपर्यंत सगळे ठीक चालते. पुढे आगर प्लेटमध्ये, म्हणजे जिवाणू पसरलेल्या पोषक जेलीच्या बशीत, कॉर्क बोअररने वेल (गोल खड्डे) पाडायचे, त्यांत तपकिरी द्रव भरायचा, दुसऱ्या दिवशी वेलभोवतीचा जिवाणू न वाढलेला स्वच्छ पट्टा मिलीमीटरमध्ये मोजायचा आणि ‘कण प्रभावी आहेत’ असे लिहायचे, हा शिरस्ता पडला आहे. मला तो अपुरा वाटतो. तुम्ही आपापल्या प्रयोगशाळेत कोणती नियंत्रणे (तुलनेसाठीचे नमुने) ठेवता, आणि कणांचा परिणाम आयनांच्या परिणामापासून वेगळा कसा काढता, हे जाणकारांनी लिहावे.

रसायनी

धागा योग्य वेळी काढलात, मॅडम. मी निवृत्त रसायनशास्त्रज्ञ आहे आणि माझे म्हणणे जिवाणूंच्या आधी, फ्लास्कपासूनच सुरू होते. द्रव तपकिरी झाला म्हणजे चांदीचे नॅनोकण झाले, हे गृहीतच तपासायला हवे.

तपकिरी रंग येण्याची निदान तीन कारणे मी सांगू शकतो. पहिले अर्थातच नॅनोकण. दुसरे म्हणजे अर्क स्वतः हवेत काळवंडतो. पॉलिफेनॉलचे ऑक्सिडीकरण होते आणि द्रव अल्कधर्मी असेल तर ते फार झपाट्याने होते. म्हणून चांदीऐवजी तितकेच डिस्टिल्ड पाणी घातलेला अर्क त्याच तापमानाला, तितकाच वेळ शेजारी ठेवलाच पाहिजे, आणि प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रात संदर्भ म्हणून नुसते पाणी न वापरता तो वापरला पाहिजे. तिसरे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. क्रिया लवकर व्हावी म्हणून पीएच वाढवतात, आणि त्याने फेनॉलचे गट इलेक्ट्रॉन देण्यास अधिक तयार होतात हे खरे. पण सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात कॉस्टिक सोडा पडला तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साकाही तयार होतो. त्याचा रंग डोळ्यांना फसवतो. म्हणून पीएच आधी अर्काचा जुळवावा आणि चांदी नंतर घालावी.

याशिवाय प्रकाशाचे भान ठेवायला हवे. सिल्व्हर नायट्रेट सेंद्रिय द्रव्यांसोबत उजेडात ठेवले तर उजेडच क्षपणाला हातभार लावतो. एक फ्लास्क खिडकीशी, दुसरा कपाटात, आणि दोन वनस्पतींची तुलना चालली आहे, अशा प्रयोगातून वनस्पतींविषयी काहीच कळत नाही. सगळे फ्लास्क ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून एकाच जागी ठेवावेत.

आणि पाणी! चांदी आणि क्लोराईड एकत्र आले की सिल्व्हर क्लोराईड खाली बसते, हे अकरावीपासून आपण शिकतो, पण त्याचे प्रमाण किती सूक्ष्म असते याची कल्पना नसते. सिल्व्हर क्लोराईडचा विद्राव्यता गुणाकार (पाण्यात विरघळून राहू शकणाऱ्या चांदी आणि क्लोराईडच्या प्रमाणांच्या गुणाकाराची मर्यादा) १.८ × १०⁻¹⁰ आहे. म्हणजे चांदी १ मिलीमोलर असताना लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमच्या आसपास क्लोराईडही साका पडायला पुरेसे ठरते. नळाच्या पाण्यात ते मिलीग्रॅममध्ये असते. द्रावण करताच दुधट झाक दिसली तर ते द्रावण टाकावे आणि पाणी बदलावे.

डाळिंबसाल

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि डाळिंबाच्या सालीच्या अर्कावर काम करते आहे. रसाच्या दुकानांत सालींचे ढीग फुकट मिळतात आणि सालीत एलाजिटॅनिन ही पॉलिफेनॉल भरपूर असतात, म्हणून ही निवड केली. पाणी डिस्टिल्डच आहे, द्रावण नितळ होते आणि शोषणाचा माथा (आलेखातले शिखर) ४२० नॅनोमीटरच्या जवळ आला आहे.

माझी अडचण एक्सआरडीची, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून स्फटिक ओळखण्याच्या चाचणीची आहे. आलेखात ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना चांदीचे माथे दिसतात, परंतु त्यांच्याबरोबर २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांनाही माथे आहेत, आणि ३२.२ चा माथा तर चांगलाच टोकदार आहे. मी वाचलेल्या बऱ्याच शोधनिबंधांत अशा माथ्यांवर चांदणी काढून ‘अर्कातील सेंद्रिय द्रव्यांचे स्फटिक’ असे लिहिलेले असते. मीही तसेच लिहावे का?

रसायनी

तसे लिहू नका. २७.८, ३२.२ आणि ४६.२ ही सिल्व्हर क्लोराईडची ओळख आहे; ते अनुक्रमे स्फटिकातल्या १११, २०० आणि २२० या प्रतलांचे माथे आहेत आणि ३२.२ चा माथा त्यांत सर्वांत जोरदार असतो. पॉलिफेनॉलचा थर बहुधा अस्फटिक असतो, त्याचा आलेखात पसरट उंचवटा येतो, इतके रेखीव माथे येत नाहीत. पाणी डिस्टिल्ड असूनही हे घडते, कारण क्लोराईड सालीतूनच आले आहे. पाने, साली, फळे या सगळ्यांत ते असते आणि उकळल्यावर पाण्यात उतरते.

याची खातरजमा घरच्या घरी म्हणावी इतकी सोपी आहे. अर्काचा थोडा भाग नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरा साका येऊन तो विरल अमोनियात विरघळला तर शंका उरत नाही. चाचणी झाली की त्या नळीत लगेच आम्ल घालून ती रिकामी करा. चांदी आणि अमोनिया यांचे मिश्रण साठवून ठेवले तर त्यात स्फोटक संयुगे तयार होतात, म्हणून ते रात्रभर राहता कामा नये.

तुमच्या प्रश्नाला या धाग्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. तुमच्या नमुन्यात धातूच्या कणांबरोबर सिल्व्हर क्लोराईडचे कणही असतील, तर जिवाणूंवर दिसणारा परिणाम दोहोंचा मिळून आहे, आणि नुसते ‘चांदीचे नॅनोकण’ असे नाव त्या मिश्रणाला देणे अचूक होणार नाही.

एक्सआरडीचाच विषय निघाला म्हणून जोडून सांगतो. माथ्याच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेरर समीकरणाने मिळते ते स्फटिकाचे माप असते, कणाचे नव्हे. ३८.१ अंशांच्या माथ्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.५ अंश असेल, तर तांब्याच्या क्ष-किरणांसाठी उत्तर सुमारे १७ नॅनोमीटर येते. परंतु अशी अनेक स्फटिके एकत्र येऊन ६० नॅनोमीटरचा कण झालेला असू शकतो. उलट डीएलएसमध्ये (द्रवातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून माप काढण्याच्या पद्धतीत) कणाभोवतीचा अर्काचा थर आणि पाणीही मोजले जाते. शिवाय विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढत असल्यामुळे थोडे मोठे गोळे सगळा आकडा वर ओढतात. एक्सआरडी, डीएलएस आणि टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) या तीन पद्धतींची तीन मापे आली म्हणजे यंत्र बिघडले असे समजू नये. कोणते माप कशाचे आहे ते लिहावे, आणि शक्य असेल तर टीईएमची काही छायाचित्रे मिळवावीत.

एफटीआयआरमधल्या (अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून रासायनिक गट ओळखण्याच्या चाचणीतल्या) १६३५ सेमी⁻¹ च्या पट्ट्याला मात्र कृपया प्रथिनांचा पुरावा म्हणू नका. नमुन्यात ओल राहिली असेल तर पाण्याचाही पट्टा तिथेच येतो.

आगर_प्लेट

मी निदान प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे, रोज प्रतिजैविकांच्या चाचण्या लावते, त्यामुळे वेलभोवतीच्या पट्ट्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

प्रतिजैविकाच्या डिस्कभोवतीचा पट्टा अर्थपूर्ण असतो, कारण त्या औषधाचा लहानसा रेणू आगरमधून कसा पसरतो हे माहीत आहे आणि पट्ट्याचे मिलीमीटर एमआयसीशी (वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेशी) पडताळून कोष्टके तयार केलेली आहेत. चांदीच्या कणांसाठी असे कोष्टक नाही. शिवाय कण रेणूच्या मानाने अजस्र आहेत. २० नॅनोमीटरच्या एका कणात चांदीचे सुमारे अडीच लाख अणू असतात. प्लेट उजेडाकडे तिरकी धरून पाहा. कणांचा वेल असेल तर त्याच्या अगदी काठाशी तपकिरी कडे दिसते, म्हणजे बरेचसे कण तिथेच अडकले. नुसत्या सिल्व्हर नायट्रेटच्या वेलभोवती पांढुरके, पुढे राखाडी पडणारे वलय दिसते, ते माध्यमातल्या क्लोराईडचे. पट्टा त्या कड्याच्या पुष्कळ बाहेरपर्यंत गेला असेल तर तिथवर कोण पोहोचले? बहुतांशी आयन. मग १४ मिलीमीटर आणि १६ मिलीमीटर यांची तुलना करून एक वनस्पती दुसरीपेक्षा सरस ठरवणे मला पटत नाही. दोन अर्कांत किती चांदी क्षपण न होता उरली होती, एवढाच तो फरक असू शकतो.

माध्यमाचाही हिशेब मांडावा लागतो. न्यूट्रिएंट आगरमध्ये सहसा लिटरला ५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे सुमारे ८५ मिलीमोलर क्लोराईड, आणि आपली चांदी १ मिलीमोलरसुद्धा नाही. म्युलर-हिंटनमध्ये मीठ वेगळे घालत नसले तरी केसिनच्या आम्लविघटनातून क्षार येतातच, आणि पेप्टाइडांतले गंधकाचे गट चांदीला धरून ठेवतात. तेव्हा एका माध्यमातला आकडा दुसऱ्या माध्यमातल्या आकड्याशी ताडून पाहू नये.

मी विद्यार्थ्यांना सूक्ष्म-विरलीकरणाने, म्हणजे लहान लहान खाचांत द्रव टप्प्याटप्प्याने पातळ करत, एमआयसी काढायला सांगते. वाढ ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवायची, म्हणजे मिलीलिटरला साधारण पंधरा कोटी, १.५ × १०⁸ जिवाणू, आणि तिथून विरल करून प्रत्येक खाचेत मिलीलिटरला ५ × १०⁵ राहतील असे पाहायचे. ई. कोलाय या जिवाणूचा एटीसीसी या अमेरिकी संग्रहातला २५९२२ हा प्रकार आणि एखादे ओळखीचे प्रतिजैविक सोबत लावायचे, म्हणजे आपली चाचणी नीट चालली की नाही हे कळते. ज्यांना प्रमाणित प्रकार हवेत त्यांच्यासाठी पाषाणलाच एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे.

एमआयसी कशात सांगायची, यावर खरा घोळ होतो. वाळवलेल्या पुडीचे वजन धरून ‘५०० मायक्रोग्रॅम’ असे लिहिले जाते, पण त्या पुडीत चांदी किती आणि अर्काचे अवशेष किती? नऊ भाग १ मिलीमोलर द्रावण आणि एक भाग अर्क घेतला तर मिश्रणात मिलीलिटरमागे सुमारे ९७ मायक्रोग्रॅमच चांदी असते. ती सगळी कणांत गेली असे मानले तरी त्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. एमआयसी चांदीच्या वजनात सांगितली, तरच ती सिल्व्हर नायट्रेटच्या एमआयसीशेजारी मांडता येते.

दोन बारकावे आणखी आहेत. कणांचा द्रव तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांनी ठरवता येत नाही, म्हणून कुणी रेझाझुरिन हे जिवंत पेशींमुळे रंग बदलणारे रंजक वापरतात. परंतु अर्कातली फेनॉलही रेझाझुरिनचे क्षपण करू शकतात, तेव्हा जिवाणू नसलेली, कण आणि रंजक एवढेच असलेली खाच ठेवावी. आणि खाचेतला द्रव प्लेटवर पसरून जिवंत जिवाणू मोजताना त्याच्याबरोबर चांदीही प्लेटवर जाते व तिथेही वाढ रोखते. थायोग्लायकोलेट आणि थायोसल्फेट यांच्या मिश्रणाने चांदी आधी निष्प्रभ करावी, नाहीतर जे जिवाणू फक्त दबलेले होते ते मेले असे आपण लिहून बसतो.

प्रयोगवही

अत्यंत उपयुक्त. तुमचा मुद्दा मी नियंत्रणांच्या भाषेत पुढे नेते. कणांचा द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून कण खाली बसवले की वरचा नितळ द्रव टाकून न देता त्याचीच जिवाणूंवर चाचणी घ्यावी, असे मी आता सक्तीचे केले आहे. वरचा द्रव कणांच्या निलंबनाइतकाच मारक निघाला, तर कणांविषयी काही म्हणायला जागा राहत नाही. धुतलेले कण, वरचा द्रव, नुसता अर्क, आणि चांदीच्या तितक्याच प्रमाणाचे सिल्व्हर नायट्रेट, या चारही गोष्टी एकाच दिवशी, एकाच वाढीवर लावल्या, तरच मूळ प्रश्नाला हात घातला असे म्हणता येईल.

मूळ प्रश्नावर निर्णायक म्हणता येईल असे काम २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातून आले. पेद्रो आल्व्हारेझ यांच्या गटाने प्राणवायू पूर्णपणे वगळून चांदीचे कण तयार केले आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या ई. कोलायवर त्यांची चाचणी घेतली. धातूच्या कणातून आयन सुटायला आधी पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण व्हावे लागते. प्राणवायू नसेल तर आयन सुटत नाहीत. अशा स्थितीत आयनांच्या मारक प्रमाणाच्या कित्येक पट जास्त कण घातले तरी जिवाणू मेले नाहीत. म्हणजे कण हा मुख्यतः आयनांचा साठा आहे आणि तो किती वेगाने रिता होतो हे आकारमान, आवरण आणि भोवतालचे पाणी ठरवते. लहान कण जास्त प्रभावी का, याचेही उत्तर यात आहे: २० नॅनोमीटरच्या कणांच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ २८ चौरस मीटरच्या पुढे जाते आणि आकार निम्मा केला की ते दुप्पट होते. कण पेशीभित्तीला चिकटून नेमक्या जागी आयन सोडत असतील, ही शक्यता यामुळे बाद होत नाही. सुटलेले आयन पुढे एन्झाइमांच्या गंधकयुक्त गटांना बांधले जातात, श्वसनसाखळी विस्कळीत होते आणि पेशीपटल गळू लागते.

यामुळे वनस्पतीचे महत्त्व कमी होते असे मला मुळीच वाटत नाही. उलट प्रश्न नेमका होतो: या वनस्पतीच्या आवरणामुळे आयन सुटण्याचा वेग कसा बदलतो, आणि आवरणातली द्रव्ये जिवाणूवर स्वतंत्रपणे काही करतात का?

कोथरूडकर

मी या क्षेत्रातला नाही, पण धागा लक्षपूर्वक वाचतो आहे. वडिलांना मधुमेह आहे, पायावरच्या जखमेसाठी डॉक्टरांनी चांदीयुक्त ड्रेसिंग सुचवले आहे. त्याच वेळी एका परिचितांनी ‘चांदीचे पाणी’ पिण्यासाठी आणून दिले आहे आणि तेही वनस्पतीपासूनच केले असल्याने निर्धोक असल्याचे ते सांगतात. या दोन गोष्टी एकच आहेत का?

शुश्रूषा

मी भाजलेल्या रुग्णांच्या विभागात काम केले आहे, म्हणून उत्तर देते. या दोन गोष्टी अजिबात एक नाहीत. जखमेवर चांदी लावण्याला दीर्घ वैद्यकीय इतिहास आहे. जर्मनीतले कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत १८८१ साली प्रसिद्ध केली, आणि चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ साली भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझीन पुढे आणले; त्याचे १ टक्क्याचे मलम आजही वापरात आहे. वडिलांचे ड्रेसिंग डॉक्टर सांगतील तितकेच दिवस आणि ते सांगतील त्याच पद्धतीने वापरावे.

पिण्याचे चांदीचे पाणी मात्र कृपया देऊ नका. शरीरात साठणाऱ्या चांदीने त्वचा कायमची निळसर-राखाडी पडते, त्याला अर्जिरिया म्हणतात आणि तो रंग जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली कोलॉइडल चांदीची अशी उत्पादने सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियमच केला. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलीग्रॅम आहे. वर ज्या १ मिलीमोलर द्रावणाची चर्चा चालू आहे, त्यात ती लिटरला सुमारे १०८ मिलीग्रॅम असते, म्हणजे १,००० पटींहून अधिक. पान कडुनिंबाचे आहे की तुळशीचे, याने चांदी बदलत नाही.

आगर_प्लेट

शुश्रूषाताईंशी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात प्रतिरोधाचा मुद्दा जोडते. ‘चांदीला जिवाणू सरावत नाहीत’ हे वाक्य प्रकल्पांच्या प्रस्तावनेत सर्रास असते आणि ते चुकीचे आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भाजलेल्या रुग्णांत चांदीला न जुमानणारा साल्मोनेला आढळल्याचा अहवाल १९७५ सालचा आहे. त्याच्या प्लाझ्मिडवरची (जिवाणूतल्या सुट्या डीएनए-वलयावरची) प्रतिरोधाची जनुके १९९९ साली उलगडली गेली. चांदी धरून ठेवणारी आणि ती पेशीबाहेर फेकणारी प्रथिने ही जनुके बनवतात. गरज नसताना चांदी जागोजाग वापरण्याची किंमत आपल्याला रुग्णालयात मोजावी लागू शकते.

प्रयोगवही

हाच धागा मला डाळिंबसालच्या प्रकल्पाशी जोडायचा आहे. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथल्या पालाट्स्की विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांना चांदीच्या कणांच्या अपुऱ्या मात्रेत पुनःपुन्हा वाढवले तर ते प्रतिरोधक होतात, आणि तेही जनुकांत बदल न होता. हे जिवाणू फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात बाहेर सोडतात, त्याने कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि निष्प्रभ ठरतात. आवरणाची द्रव्ये बदलून कण अधिक स्थिर केले तरी हा प्रतिरोध मोडला नाही. तो मोडला डाळिंबाच्या सालीच्या अर्काने, कारण तो अर्क फ्लॅजेलिनची निर्मितीच दाबतो.

वनस्पतीने कणांच्या पलीकडे जाऊन जिवाणूवर स्वतंत्र परिणाम केल्याचे माझ्या माहितीतले हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्या कामात अर्क कण बनवण्यासाठी नव्हता, कणांच्या सोबतीला होता. म्हणून सालीच्या अर्कातूनच कण तयार केले, तर धुतल्यानंतर त्यांच्या आवरणात तो गुण उरतो की धुवून जातो, हा खरोखर नवा आणि आपल्या प्रयोगशाळेत झेपणारा प्रश्न आहे. अशा एका प्रश्नासाठी दहा वनस्पतींच्या पट्ट्यांची तुलना मी आनंदाने सोडून देईन.

मुळाकाठ

सांडपाणी प्रक्रियेच्या कामात असल्यामुळे एवढेच सुचवतो की ‘हरित’ हे विशेषण फक्त क्षपणकाला (क्षपण करणाऱ्या द्रव्याला) लागू आहे. बोरोहायड्राइडसारखे रासायनिक क्षपणक टळले हे चांगलेच झाले, पण सिल्व्हर नायट्रेट तेच राहिले. कापडात किंवा रंगात घातलेली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात येते. तिथे गंधकाशी संयोग होऊन तिचे बरेचसे सिल्व्हर सल्फाइड होते, जे अत्यंत अविद्राव्य असल्याने विषारीपणा पुष्कळ घटतो, हा दिलासा आहे. मात्र ती चांदी गाळात साठते आणि तो गाळ कुठे जातो याचा विचार करावाच लागतो.

डाळिंबसाल

सर्वांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांशी बोलून आराखडा बदलला आहे. आधी अर्कातले क्लोराईड तपासणार, एक्सआरडीतले माथे सिल्व्हर क्लोराईड म्हणून नोंदवणार, आणि धुतलेले कण, वरचा द्रव, अर्क व सिल्व्हर नायट्रेट यांची एमआयसी चांदीच्या वजनात शेजारी शेजारी मांडणार. त्यानंतर धुतलेले व न धुतलेले कण अपुऱ्या मात्रेत देऊन ई. कोलायची वाढ सलग पुढे नेणार आणि प्रत्येक टप्प्यावर एमआयसी बदलते का ते पाहणार. साल एकाच वेळी भरपूर आणून, वाळवून, दळून एकच साठा करणार आहे, कारण हंगामाप्रमाणे टॅनिनचे प्रमाण बदलले तर सगळी तुलना फिसकटेल.

एक व्यवहारातला प्रश्न राहिला. धुण्यातून निघालेला चांदीयुक्त द्रव सध्या एका तपकिरी बाटलीत साठतो आहे. त्याचे काय करावे?

रसायनी

बेसिनमध्ये ओतू नका. बाटलीवर नाव आणि तारीख घाला, त्यात अमोनिया असलेले काहीही मिसळू नका. द्रव थोडा नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात साध्या मिठाचे द्रावण ढवळत घाला. मीठ फार जास्त झाले तर सिल्व्हर क्लोराईड पुन्हा थोडे विरघळते, म्हणून साका पडायचा थांबला की थांबा. आयन अशा रीतीने खाली बसतील, पण धातूचे कण मिठाने विरघळत नाहीत, ते गोळा होऊन साक्याबरोबर बसतात. रात्रभर अंधारात ठेवून वरचा द्रव काढून घ्या, त्यात मिठाचा थेंब टाकून दुधटपणा येत नाही याची खात्री करा, आणि साका गाळून, वाळवून वेगळ्या बाटलीत जमवा. चांदीचा साका विकत घेणारे असतात. महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेतून तो अधिकृतपणे द्यावा. काम करताना हातमोजे घालाच, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत.

तुमच्या पहिल्या एमआयसीचे आकडे आले की इथेच टाका. सिल्व्हर नायट्रेटचा स्तंभ सोबत हवा.